वाय-फायला इंटरनेट आहे, पण ऑफिसचा प्रिंटर आणि सर्व्हर सापडत नाही: राउटिंग-ब्रिजिंगच्या घोळाची तपासणी

लक्षणे

वाय-फायवरच्या लॅपटॉपला इंटरनेट व्यवस्थित मिळते, ईमेल जातात, बँकेचे पान उघडते. मात्र त्याच खोलीत केबलने जोडलेल्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर दिसत नाही, टॅलीचा डेटा उघडत नाही आणि मोबाइलवरून प्रिंट द्यायला गेल्यास प्रिंटर यादीतच येत नाही.

दुसरे लक्षण अधिक चकवणारे आहे. लॅपटॉपवरून प्रिंटरला प्रिंट जाते, परंतु प्रिंटरवर कागद ठेवून लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये स्कॅन पाठवला की तो कधीच पोहोचत नाही. सर्व्हरचे नाव टाकून फोल्डर उघडत नाही, आकडी पत्ता टाकला की लगेच उघडते. अशा वेळी लोक प्रिंटरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावतात, तो ड्रायव्हर पुन्हा बसवून जातो आणि अडचण जिथल्या तिथे राहते.

तिसरे लक्षण जागेशी बांधलेले असते: पुढच्या हॉलमधल्या वाय-फायवर सारे चालते, आतल्या केबिनमधल्या वाय-फायवर चालत नाही. आणि चौथे सर्वांत त्रासदायक: वीज जाऊन आली की, किंवा कोणीतरी 'नेट स्लो आहे' म्हणून एखाद्या राउटरचे रिसेट बटण दाबले की, वाय-फायच काय, केबलवरच्या निम्म्या यंत्रांचेही इंटरनेट बंद पडते.

कोणत्याच यंत्राला इंटरनेट नसेल, तर बिघाड बाहेरच्या लाइनचा किंवा मुख्य राउटरचा आहे आणि पुढील तपासणीचा त्याला उपयोग नाही.

हे का घडते

छोट्या कचेरीत इंटरनेटवाला एक खोके बसवून जातो; त्याची रेंज आतपर्यंत पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो, मुख्य खोक्यातून आलेली केबल त्याच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेल्या पोर्टमध्ये खोचली जाते आणि वाय-फाय सुरू झाले म्हणून काम संपले असे समजले जाते. प्रत्यक्षात तेथे दोन नेटवर्के तयार झालेली असतात. दुसरा राउटर स्वतःमागे नवीन नेटवर्क उभे करतो, म्हणजे राउटिंग करतो, आणि मागच्या सर्व यंत्रांना स्वतःच्या एकाच पत्त्याआड झाकतो. या झाकण्याला नॅट म्हणतात. तो आवक-जावक टेबलावरच्या कारकुनासारखा वागतो: आतून निघालेल्या पत्राला जावक क्रमांक देऊन तो ते आपल्या शिक्क्याने पाठवतो आणि त्या क्रमांकाचे उत्तर आले की योग्य माणसाकडे पोहोचवतो, परंतु बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाचे हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. प्रिंट जाते आणि स्कॅन येत नाही, ते यामुळेच.

शिवाय प्रिंटर आणि संगणक एकमेकांना नावाने शोधतात, तेव्हा ते 'येथे कोण आहे' अशी हाक स्वतःच्या नेटवर्कपुरतीच देतात. राउटर अशी हाक पलीकडे नेत नाही, आणि नेऊ नये असाच नियम आहे. ब्रिजिंगमध्ये दुसरे खोके ही सीमा घालत नाही; वाय-फाय आणि केबल दोन्ही एकाच नेटवर्काचा भाग राहतात आणि पत्ते वाटण्याचे काम मुख्य राउटर एकटाच करतो. वीस-पंचवीस यंत्रांच्या कचेरीत मी ब्रिजिंगच करतो. राउटिंग जाणूनबुजून करायचे असेल तर त्याला कारण हवे, आणि ते कारण बहुतेक वेळा पाहुण्यांचे वाय-फाय एवढेच असते.

तपासणी १: कोणत्या वाय-फायला जोडले आहे

यास पैसे लागत नाहीत आणि वेळही लागत नाही, म्हणून येथूनच सुरुवात करावी. लॅपटॉपवर आणि मोबाइलवर वाय-फायचे नाव वाचून पाहावे. नावात 'गेस्ट' असेल, तर प्रिंटर न दिसणे हा बिघाड नव्हेच. गेस्ट नेटवर्क कचेरीतली यंत्रे दिसू नयेत यासाठीच असते. कोणाला तरी एकदा पासवर्ड सांगावा लागू नये म्हणून गेस्टला जोडून दिलेले असते आणि पुढे ते यंत्र त्यालाच आपोआप जोडत राहते. मोबाइलच्या बाबतीत मोबाइल डेटा बंद करूनही पाहावे.

नाव बरोबर असेल, तर राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू आहे का ते पाहावे. ते चालू असताना वाय-फायवरची यंत्रे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. वाय-फायवरचा लॅपटॉप केबलवरच्या प्रिंटरला पाहतो, पण वाय-फायवरच्या प्रिंटरला पाहत नाही, असे दिसले तर संशय प्रथम येथे घ्यावा.

तपासणी २: दोन यंत्रांचे पत्ते शेजारी शेजारी लिहावेत

ही संपूर्ण निवारणाची किल्ली आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. केबलवरचा एक संगणक आणि वाय-फायवरचा एक लॅपटॉप घ्यावा. दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड, पुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' हा शब्द जोडून द्यावी. आयपीव्ही४ पत्ता (यंत्राचा आकडी पत्ता), सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्काचा हे सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचे दार असलेला राउटर) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारे खोके) या चार ओळी कागदावर दोन रकान्यांत लिहाव्यात. लक्षात ठेवून चालत नाही. आकडे इतके सारखे असतात की डोळा फसतो.

मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पत्त्याचे पहिले तीन भाग दोन्हीकडे सारखे हवेत. केबलवर १९२.१६८.१.२५ आणि वाय-फायवर १९२.१६८.०.१०१ असे दिसले, तर दुसरा राउटर बहुधा राउटिंग करीत आहे. तपासणी ४ कडे जावे. पहिले तीन भाग सारखे आणि गेटवेही एकच असेल, तर ब्रिजिंग झालेले आहे आणि दोष बहुधा संगणकाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) आहे; तपासणी ३ करावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राला कोणीच पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक धरला आहे. केबल निघालेली असेल किंवा पत्ते वाटणारे खोके बंद असेल. डीएचसीपी सर्व्हरची ओळ दोन्हीकडे वेगळी असून दुसरा राउटर मात्र लॅन (कचेरीतल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमधूनच जोडलेला असेल, तर एका नेटवर्कात दोघे जण पत्ते वाटत आहेत. त्याची गोष्ट तपासणी ५ मध्ये.

एक चकवा असा की दोन्हीकडे १९२.१६८.१ दिसते, गेटवेही १९२.१६८.१.१ दिसतो, तरी नेटवर्के दोनच असतात. बाजारातल्या बऱ्याच राउटरांचा मूळ पत्ता एकसारखा असल्याने हे होते. नवे राउटर टक्कर ओळखून आपला पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत. अशा वेळी दोन्ही यंत्रांवर 'एआरपी' ही कमांड, पुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि 'ए' जोडून द्यावी आणि गेटवेसमोरचा भौतिक पत्ता (यंत्राचा स्वतःचा मॅक पत्ता) जुळवावा. तो वेगळा निघाला, तर एकाच नावाने वावरणारी ती दोन खोकी आहेत.

तपासणी ३: विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' मानले आहे का

लॅपटॉप नव्या वाय-फायला जोडला की विंडोज १० आणि ११ ते नेटवर्क बहुधा 'पब्लिक' धरतात, आणि पब्लिक म्हटले की फोल्डर शेअरिंग आणि शोध दोन्ही बंद राहतात. राउटर बदलल्यावर जुनेच नेटवर्क नवे समजले जाऊन हे पुन्हा घडू शकते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते 'प्रायव्हेट' करावे. सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मी देत नाही, कारण बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

येथे पिंगविषयी, म्हणजे 'आहेस का' असे दुसऱ्या यंत्राला विचारून पाहणाऱ्या कमांडविषयी, एक इशारा. शेअरिंग बंद असलेला विंडोजचा संगणक पिंगला उत्तर देत नाही. त्यामुळे उत्तर आले नाही म्हणजे वाट बंद आहे असा निष्कर्ष काढू नये. पिंग नेहमी प्रिंटरला करावे. प्रिंटर सहसा उत्तर देतो, आणि त्याचा पत्ता त्याच्याच पडद्यावर किंवा छापून निघणाऱ्या माहितीपानावर मिळतो. तो पत्ता आणि संगणकातल्या प्रिंटरच्या पोर्टवर नोंदलेला पत्ता जुळतात का, हेही पाहून घ्यावे. पत्ता बदललेला असेल तर मुख्य राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवावा.

तपासणी ४: दुसऱ्या राउटरची केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे

आता शिडी लागेल, कारण हे खोके बहुधा पोटमाळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर असते. मागच्या बाजूला एक पोर्ट वेगळ्या रंगाचे असते, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले असते. बाकीची लॅन असतात. केबल वॅनमध्ये असून राउटर राउटरच्याच मोडमध्ये चालत असेल, तर आपल्याला कारण सापडले.

राउटरच्या मेन्यूत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल, तर तो निवडणे हाच सोपा मार्ग; त्यात खोके राउटिंग सोडून ब्रिजिंग करते. यात बहुतेक राउटरांवर वॅन पोर्टही लॅनसारखे वागू लागते आणि केबल हलवावी लागत नाही. मात्र मोड बदलल्यावर खोके आपला पत्ता मुख्य राउटरकडून घेते, त्यामुळे त्याचे सेटिंगचे पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही. येथे माणसे घाबरतात, राउटर गेला असे समजून रिसेट दाबतात आणि केलेला बदल पुसला जाऊन अडचण पुन्हा तिथेच येते. नवा पत्ता मुख्य राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत पाहावा.

मोडची सोय नसेल, तर हाताने करावे, आणि क्रम पाळावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असून तो १०० ते १९९ हे पत्ते वाटतो असे धरू. लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडावा आणि त्याची मुख्य राउटरकडची केबल काढून ठेवावी. प्रथम त्याचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, म्हणजे मुख्य नेटवर्कातला पण वाटपाच्या बाहेरचा आणि दुसऱ्या कोणाला दिलेला नसलेला. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन त्याचे डीएचसीपी बंद करावे. सेव्ह करावे. यानंतरच मुख्य राउटरकडची केबल लॅन पोर्टमध्ये खोचावी. वॅन रिकामे राहते. केबल आधी खोचली, तर तेवढ्या वेळात दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि चुकीचे पत्ते घेतलेली यंत्रे पुढे कित्येक तास सतावतात.

शेवटी वाय-फायवरच्या प्रत्येक यंत्राचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे, म्हणजे ते नवा पत्ता मागून घेईल. आणि पोर्ट रिकामे दिसते म्हणून 'दोन्हीकडून जोडू, वेग वाढेल' या समजुतीने दुसरी केबल त्याच स्विचला (केबली एकत्र जोडणाऱ्या खोक्याला) लावू नये. साध्या स्विचमध्ये यामुळे फेरा तयार होतो, स्विचचे सर्व दिवे एकाच लयीत भरभर लुकलुकू लागतात आणि संपूर्ण कचेरी ठप्प होते. तसे दिसल्यास शेवटची लावलेली केबल काढावी.

तपासणी ५: वीज आल्यावर किंवा रिसेटनंतर पुन्हा तेच का होते

एका कर सल्लागाराच्या कचेरीत विवरणपत्रांच्या गर्दीत सकाळी आठापैकी चार संगणकांचे इंटरनेट बंद होते. चौघांचाही गेटवे १९२.१६८.०.१ होता, उरलेल्या चौघांचा १९२.१६८.१.१. आदल्या संध्याकाळी कोणीतरी उदबत्तीच्या काडीने केबिनमधल्या राउटरचे रिसेट दाबले होते. अशा राउटरमधली ब्रिजिंगची मांडणी पुसली जाते, त्याचे डीएचसीपी पुन्हा जिवंत होते आणि केबल लॅनमध्येच असल्यामुळे त्याचे पत्ते साऱ्या कचेरीत पसरतात; त्याचे वॅन रिकामे असल्याने ते पत्ते घेतलेल्या यंत्रांना इंटरनेट मिळत नाही. यंत्र सुरू होताना पत्ता मागते, आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा स्वीकारते. म्हणून आज हे चार, उद्या भलतेच चार. वीज जाऊन आली की सगळेच एकदम पत्ता मागतात, त्यामुळे दोष त्या दिवशी उघड होतो आणि दोषाचे खापर मात्र विजेवर फुटते.

खात्री करणे सोपे आहे. दुसऱ्या राउटरची वीज काढावी आणि अडलेला संगणक बंद करून सुरू करावा. त्याला १९२.१६८.१ चा पत्ता मिळून इंटरनेट आले, तर तपासणी ४ ची हाताने करायची मांडणी पुन्हा करावी. ती मांडणी, पत्ता आणि तारीख कागदावर लिहून तो कागद खोक्यावरच चिकटवावा. रिसेटच्या छिद्रावर चिकटपट्टी लावली तरी चालते. दर काही महिन्यांनी हेच पुन्हा होत असेल, तर रिसेट झाल्यावरही राउटर बनूनच न बसणारा, निव्वळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून मिळणारा संच घेणे शहाणपणाचे ठरते.

तपासणी ६: दोन खोक्यांत केबलच नाही, वाय-फायने जोडले आहे

रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे पाठवणारे खोके) लावून किंवा राउटरला दुसऱ्या वाय-फायचा ग्राहक बनवून त्याच्या मागे केबलने संगणक जोडलेले असतील, तर ब्रिजिंग दिसते तितके सरळ नसते. वाय-फायला जोडलेले साधे यंत्र जो संदेश पाठवते त्यात तीन भौतिक पत्ते असतात आणि पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता जातो. मागे असलेल्या दुसऱ्या यंत्राच्या नावाने पाठवायला चौथ्या पत्त्याची जागा लागते. ती डब्ल्यूडीएस या पद्धतीत मिळते, पण ती पद्धत कंपनीगणिक वेगळी असल्याने दोन्ही टोकांना एकाच कंपनीची, शक्यतो एकाच मालिकेतली खोकी लागतात. साधे रिपीटर मधला मार्ग काढतात: मागच्या सर्व यंत्रांच्या जागी स्वतःचा भौतिक पत्ता लावतात. 'एआरपी'च्या यादीत तीन-चार वेगवेगळ्या आयपी पत्त्यांसमोर एकच भौतिक पत्ता दिसला, तर हेच चालले आहे. इंटरनेटपुरते ते ठीक असते. प्रिंटर सापडणे, राखीव पत्ता लागू पडणे, हे मात्र कधी होते, कधी होत नाही.

येथे सेटिंगशी झगडण्यात अर्थ नाही. केबल टाकावी. चांगल्या तांब्याची कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि छोट्या कचेरीत एवढे अंतर क्वचितच असते. स्वस्तात मिळणारी, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल घेऊ नये.

तपासणी ७: नेटवर्के वेगळीच ठेवायची असतील तर

प्रशिक्षण वर्गासाठी वा भाडेकरूसाठी वाय-फाय वेगळे हवे, पण त्यांना प्रिंटर मात्र दिसला पाहिजे, अशी मागणी येते. तेव्हा राउटिंग नीट करावे लागते. दुसऱ्या राउटरचे नॅट बंद करायचे, त्याची फायरवॉल आवश्यक तेवढी मोकळी करायची, आणि मुख्य राउटरमध्ये '१९२.१६८.२.० हे नेटवर्क १९२.१६८.१.२ च्या मागे आहे' असा स्थिर मार्ग नोंदवायचा. हा परतीचा मार्ग विसरला की लॅपटॉपची विनंती प्रिंटरपर्यंत जाते, पण प्रिंटरचे उत्तर मुख्य राउटर इंटरनेटच्या दिशेने लावून देतो, आणि १९२.१६८ चे पत्ते खाजगी वापराचे असल्याने ते तिकडे हरवते. इतके करूनही विंडोजची फाइल शेअरिंगची परवानगी मुळात 'स्थानिक सबनेट', म्हणजे त्याच्याच नेटवर्कापुरतीच असते, म्हणून दुसऱ्या नेटवर्कातून आलेल्या लॅपटॉपला सर्व्हर दार उघडत नाही. आणि मोबाइलला प्रिंटर आपोआप तरीही सापडत नाही, तो आकडी पत्त्याने जोडावा लागतो. घरगुती राउटरांत नॅट बंद करण्याची सोय बहुधा नसते, इंटरनेटवाल्याच्या खोक्यात ग्राहकाला स्थिर मार्ग घालू दिला जाईलच असे नाही. हे सारे वाचून कंटाळा आला असेल, तर प्रिंटर दोन्हीकडे हवा हा हट्ट सोडून दुसरा प्रिंटर घेणे स्वस्त पडते.

कोठे थांबावे

स्विचवर सेटिंगचे पान उघडत असेल, त्यात व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगळी नेटवर्के) नेमलेले असतील, किंवा राउटरच्या पुढे वेगळे फायरवॉल यंत्र असेल, तर हात लावू नये. एका खुणेच्या फरकाने संपूर्ण मजला बंद होतो आणि आपण आत जाऊन ती दुरुस्त करू शकत नाही. कर्मचारी सर्व्हरवरच्या खात्याने लॉगिन करीत असतील, बायोमेट्रिक हजेरी किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) याच नेटवर्कावर स्थिर पत्त्याने बसवलेला असेल, तर पत्त्यांची मालिका बदलण्यापूर्वी ज्याने ते बसवले त्याला बोलवावे. इंटरनेटवाल्याच्या खोक्याला रिसेट कदापि करू नये. त्यातली लाइनची सेटिंग्ज पुसली तर ती त्यांच्याच माणसाला भरावी लागतात. ते खोके ब्रिज मोडमध्ये (स्वतःचे राउटिंग बंद करून) टाकायचे असेल, तेही त्यांच्याकडूनच करून घ्यावे. आणि पत्ते जुळतात, गेटवे एक आहे, तरी प्रिंटरला केलेल्या पिंगची उत्तरे मध्येच तुटतात, असे असेल तर दोष सेटिंगचा नसून केबलचा, स्विचचा किंवा वाय-फायच्या रेडिओचा आहे, आणि त्यासाठी तपासणीची साधने असलेला माणूस हवा.

त्याला बोलावताना तपासणी २ चा कागद, दोन्ही खोक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आणि दोष कोणत्या दिवसापासून सुरू झाला एवढे तयार ठेवावे. त्याचा निम्मा वेळ आणि आपले निम्मे पैसे वाचतात. काम झाल्यावर दोन्ही खोक्यांचे पत्ते आणि पासवर्ड लिहून घ्यावेत, आणि तो निघण्यापूर्वी त्याच्यासमोर कचेरीचा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा व वाय-फायवरचे एक आणि केबलवरचे एक यंत्र नव्याने तपासावे.